ऐतिहासिक रहस्यकथेवर प्रबंध: मराठी कादंबऱ्या मोजक्याच असतील तर विषय सोडावा का?

पांढरा_समुद्र (रत्नागिरी) यांचा प्रश्न:

नमस्कार. मी मराठी विषयात पीएच.डी.साठी नुकतीच नोंदणी केली असून ऐतिहासिक रहस्यकथा, म्हणजे भूतकाळात घडणारी आणि गुन्ह्याच्या तपासाभोवती रचलेली कथा, हा विषय घ्यावा असे गेली दोन वर्षे माझ्या मनात आहे. आराखडा मार्गदर्शकांना दाखवला तेव्हा त्यांनी दोन आक्षेप घेतले. रहस्यकथा हा करमणुकीचा प्रकार असल्याने समितीपुढे विषय टिकवणे जड जाईल, हा पहिला आक्षेप. त्याला उत्तर देता येईल असे मला वाटते. दुसऱ्या आक्षेपाने मात्र मी अडले आहे. ‘मोचनगड’ १८७१ साली आली तेव्हापासून मराठीत ऐतिहासिक कादंबरी अखंड लिहिली जात आहे आणि रहस्यकथांत बाबूराव अर्नाळकरांची एकट्याची पुस्तके हजाराच्या वर आहेत. परंतु या दोन वाटा एकमेकींना फारशा मिळत नाहीत. शिवकाळात किंवा पेशवाईत एक खून होतो, कोणीतरी धागेदोरे जुळवत आरोपीपर्यंत पोहोचतो आणि त्या शोधावरच कादंबरी उभी राहते, अशी उदाहरणे मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही मिळाली नाहीत. ‘संहिताच नाहीत तर प्रबंध कशावर लिहिणार?’ हा मार्गदर्शकांचा प्रश्न रास्त आहे.

इंग्रजी व इतर युरोपीय कादंबऱ्या घेऊन तौलनिक अभ्यास करणे हा एक मार्ग दिसतो. पण मग मराठीचा संबंध केवळ प्रबंधाच्या भाषेपुरता उरेल अशी भीती वाटते. या क्षेत्रात काम केलेल्यांनी व्याख्या, सैद्धांतिक चौकट आणि मराठी सामग्री या तिन्हींविषयी काही सुचवावे, ही विनंती.

---

खाडीपट्टा (चिपळूण):

मी साहित्य शिकवतो, त्यामुळे व्याख्येपासून सुरुवात करतो. तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देण्याची चूक बहुतेक आराखड्यांत होते. अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड हा नायक आज आपल्याला जुन्या मुंबईत नेत असला, तरी लेखकाने तो स्वतःच्याच काळात लिहिलेला आहे. आपल्या दृष्टीने तो ऐतिहासिक ठरतो, लेखकाच्या दृष्टीने नव्हे. म्हणून तो या प्रकारात बसत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे लेखकाने जाणीवपूर्वक मागच्या काळात नेऊन ठेवलेला तपास, आणि तुमचा विषय मुख्यतः हाच आहे. तिसरीत आजचा माणूस जुन्या गुन्ह्याचा शोध घेतो. जोसेफिन टे यांच्या १९५१च्या ‘द डॉटर ऑफ टाइम’मध्ये रुग्णालयात खिळून पडलेला एक पोलीस अधिकारी इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच्यावरील पुतण्यांच्या खुनाचा आरोप केवळ कागदपत्रांवरून तपासतो. ही कादंबरी खरे तर इतिहासलेखनाविषयीच आहे, आणि मला विचाराल तर अभ्यासकाला तीच सर्वांत उपयोगी पडेल.

हा प्रकार केव्हा सुरू झाला याविषयी एकमत नाही. कोणी मेलव्हिल डेव्हिसन पोस्ट यांच्या १९११पासूनच्या अंकल अब्नर कथांपर्यंत मागे जातात, कोणी लिलियन डी ला टोरे यांनी १९४३पासून लिहिलेल्या डॉ. जॉन्सनच्या कथांना पहिला मान देतात. तो प्रकार म्हणून ओळखला जाऊ लागला तो मात्र एलिस पीटर्स यांची कॅडफेल या मध्ययुगीन मठातील तपासनीस साधूची मालिका (१९७७पासून) आणि उंबेर्तो एको यांची ‘द नेम ऑफ द रोज’ (मूळ इटालियन, १९८०) यांच्यानंतर. ब्रिटनमधील गुन्हेकथालेखकांच्या संघटनेने १९९९मध्ये यासाठी स्वतंत्र पारितोषिक सुरू केले, म्हणजे बाजारानेही त्याला तोवर मान्यता दिली होती.

चौकटीसाठी त्झ्वेतान तोदोरोव्ह यांच्या १९६६च्या निबंधाला पर्याय नाही. रहस्यकथेत दोन कथा असतात, एक गुन्ह्याची, जी घडून गेलेली आणि आपल्यासमोर नसलेली, आणि दुसरी तपासाची, जी आपल्यासमोर घडते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ऐतिहासिक रहस्यकथेत हा सांगाडा दुहेरी होतो, कारण तपास करणारा तपासनीसच मुळात आपल्या दृष्टीने घडून गेलेला असतो आणि त्याला उभे करण्यासाठी लेखकाला आधी स्वतः तपास करावा लागतो. याच्या शेजारी इतिहासाचे तत्त्वज्ञ कॉलिंगवूड यांच्या ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’मधील (१९४६) जॉन डो नावाच्या काल्पनिक माणसाच्या खुनाचे प्रकरण ठेवा. इतिहासकार जुन्या ग्रंथांतील उतारे कापून चिकटवत नाही, तो तपासनीसाप्रमाणे साक्षीपुराव्यांना प्रश्न विचारतो, हे पटवण्यासाठी त्यांनी चक्क एक छोटी रहस्यकथाच लिहिली. कार्लो गिन्झबुर्ग यांचा १९७९चा निबंधही वाचायला हवा. चित्रातील कानाच्या पाळीवरून चित्रकार ओळखणारे मोरेल्ली, होम्स आणि फ्रॉइड हे तिघे क्षुल्लक खुणांवरून मोठ्या निष्कर्षाला जाणाऱ्या एकाच ज्ञानपद्धतीचे आहेत, असे ते दाखवतात. जॉन स्कॅग्ज यांच्या २००५च्या पुस्तकात या उपप्रकारावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि ब्राउन व क्रायझर यांनी संपादित केलेला २०००चा लेखसंग्रहही आहे. त्या संग्रहातील लेख कादंबरीत काळाचे तपशील बरोबर आहेत की चूक हे तपासण्यावर जास्त रेंगाळतात, असे माझे मत आहे.

तुमच्या मार्गदर्शकांच्या पहिल्या आक्षेपाला वरील नावे पुरेशी आहेत. दुसऱ्याविषयी इतरांनी लिहावे.

---

जुना_वकील (वेंगुर्ले):

मी साहित्याचा अभ्यासक नाही. चाळीस वर्षे फौजदारी वकिली केली, आणि आता पावसाळ्यात पडवीत बसून रहस्यकथा वाचतो. या कादंबऱ्या वाचताना मला जी एक गोष्ट सतत खटकते तीच कदाचित धागाकर्तीच्या उपयोगाची ठरेल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

लेखक जुन्या काळातले कपडे, जेवण, नाणी, शस्त्रे यांचा कसून अभ्यास करतात. पण पुरावा कशाला म्हणायचे हे मात्र आजचेच ठेवतात. वास्तविक पुरावा ही काळागणिक बदलणारी गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमलाखालील हिंदुस्थानात दंडसंहिता १ जानेवारी १८६२पासून लागू झाली, पुराव्याचा कायदा १८७२मध्ये आला, आणि त्याच्या पंचविसाव्या कलमाने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध अग्राह्य ठरवला. (हा कायदा १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने गेला, पण हे तत्त्व तिथेही टिकले आहे.) आता विलायती रहस्यकथेतील तो ठरलेला शेवट आठवा, ज्यात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून तपासनीस उलगडा करतो आणि खुनी फौजदारासमोर घडाघडा सारे कबूल करतो. तोच प्रसंग १८८०च्या रत्नागिरीत घडवला, तर सेशन न्यायाधीश पहिल्याच दिवशी ती कबुली बाजूला ठेवतील. बोटांच्या ठशांचेही तसेच. कलकत्त्यात ठशांचे कार्यालय १८९७मध्ये निघाले, म्हणून त्याआधीच्या कथेत ठसे घेणारा फौजदार दिसला की मी पुस्तक मिटतो.

त्याही मागे गेलो की प्रश्न अधिक गमतीचा होतो. मराठेशाहीत, विशेषतः वतनाच्या तंट्यांत, गोतसभा, म्हणजे गावकरी-वतनदारांची न्यायसभा, बसत असे, साक्षीदार शपथेवर सांगत, निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी निवाडापत्र, होई, आणि साक्षी-कागदांनी निकाल लागला नाही तर दिव्य करावे लागे. उकळत्या तुपातून किंवा तेलातून धातूचा रवा हाताने काढायचा, मग हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहर करायची आणि ठरलेल्या दिवशी उघडून पाहायचे. हात शाबूत तर पक्ष खरा. आपल्याला हे रानटी वाटेल, पण त्या माणसांच्या लेखी तोच अखेरचा आणि निर्विवाद पुरावा होता. मग त्या काळातला कादंबरीतला शोधक चिखलातल्या पावलांवरून खरा गुन्हेगार ओळखतो असे जरी मानले, तरी ते सिद्ध कोणासमोर आणि कसे करणार? गोताला पावलांचा तर्क पटेल का, की ते रवाच काढायला लावतील?

एलिस पीटर्स यांनी हा पेच ओळखला होता. मालिकेतील दुसऱ्या, म्हणजे १९७९च्या कादंबरीत कॅडफेल वनस्पती, दागिना, जखम असे सगळे धागे आधुनिक पद्धतीने जुळवतो, परंतु राजासमोर निकाल लागतो तो द्वंद्वयुद्धाने. शोध एका काळाचा आणि न्याय दुसऱ्या काळाचा, असा तो सांधा आहे, आणि मला तरी त्या पुस्तकाचा जीव त्या सांध्यातच दिसला. डच लेखक व्हान ख्यूलिक यांनी न्यायाधीश डी यांच्या जुन्या चिनी कथेचा १९४९मध्ये अनुवाद केला तेव्हा प्रस्तावनेत स्पष्ट केले होते की, चिनी परंपरेत गुन्हेगार पुष्कळदा आरंभीच वाचकाला ठाऊक असतो, भुतेखेते साक्ष देऊन जातात आणि शिक्षेचे वर्णनही वाचकाला हवे असते. पुढे स्वतःच्या कादंबऱ्या लिहिताना त्यांनी यातले काय ठेवले आणि काय गाळले, हा एका स्वतंत्र प्रकरणाचा ऐवज आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, कादंबऱ्या मोजत बसण्यापेक्षा ‘त्या त्या काळी पुरावा कशाला म्हणत आणि कादंबरीकार त्याचे काय करतो’ हा प्रश्न मध्यभागी ठेवावा. मग मराठीत असा प्रकार का रुजला नाही, हाही प्रबंधाचाच भाग होईल.

---

मोडी_लेखणी (दापोली):

वकीलसाहेबांच्या मुद्द्याला कागदपत्रांची जोड देतो. जुन्या मराठी कागदांत ‘गुन्हेगारी’ हा शब्द दंडाच्या रकमेसाठी येतो. अमक्याकडून इतके रुपये गुन्हेगारी घेतली, असे. गुन्हा म्हणजे सरकारी जमेची एक बाब, हा अर्थ ज्या शब्दात आहे त्याच शब्दाने आपण आज एका वाङ्मयप्रकाराला नाव देतो आहोत. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हे यायला हरकत नसावी.

दुसरे, सामग्रीविषयी. अगाथा ख्रिस्ती यांनी प्राचीन इजिप्तमध्ये घडणारी कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिली, तिचे बीज हेकानाख्त नावाच्या एका कुटुंबप्रमुखाच्या घरगुती पत्रांत आहे. तो परगावी आहे, घरी धान्य किती वाटायचे याच्या सूचना पाठवतो आहे आणि घरात आणलेल्या स्त्रीला नीट वागवत नाहीत म्हणून चिडतो आहे. एवढ्याच सामग्रीवर खुनांची मालिका उभी राहिली. आमच्याकडे खोतांच्या घरांत माळ्यावर जी दफ्तरे बांधून ठेवलेली असतात, त्यांत याच जातीचा मजकूर असतो: धारा, भाताचे माप, भाऊबंदकी, विहिरीचा वाटा, आणि मधूनच एखादी चोरी. कसर लागली नाही तर.

तिसरे, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे. मराठीत ऐतिहासिक रहस्यकथा नाही असे म्हणताना आपण फक्त छापील कादंबरी पाहतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. त्याभोवती लोकांनी जी ‘ध चा मा’ची कथा रचली ती काय आहे? ‘धरावे’ या शब्दातील एक अक्षर बदलून ‘मारावे’ केले, म्हणजे खाडाखोड केलेला दस्तऐवज हाच गुन्ह्याचा मुख्य धागा. पुढे रामशास्त्री चौकशी करतात आणि प्रत्यक्ष सत्ताधाऱ्याला दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगतात. खून, बनावट कागद, निःस्पृह तपासनीस, सत्तेशी संघर्ष: सगळा साचा तयार आहे. आख्यायिका ही आख्यायिका म्हणूनच वाचावी, तिला पुरावा समजू नये, हे ओघाने आलेच. परंतु आपल्या लोककल्पनेला राजकीय खुनात कागदाची खाडाखोड शोधावीशी वाटली, हे साहित्याच्या अभ्यासकाने सोडून देण्यासारखे नाही. मोडी शिकून घ्या, एवढाच आग्रह आहे. दोन-तीन महिन्यांत अक्षर लागते, वळण लागायला मात्र वर्ष जाते.

---

खाडीपट्टा (चिपळूण):

मोडी_लेखणी यांचा तिसरा मुद्दा मोहक आहे, पण इथे सावध राहावे असे मला वाटते. प्रत्येक राजकीय खुनाची कथा रहस्यकथा मानली तर प्रकाराला सीमाच उरणार नाही. ना. सं. इनामदारांची ‘झेप’ (१९६३) घ्या. तिचा नायक दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे, आणि त्याच्या आयुष्याला कलाटणी देणारी घटना म्हणजे जुलै १८१५मध्ये पंढरपुरात झालेला गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून. खून आहे, संशयित आहे, तपासही आहे. तरीही ती रहस्यकथा नव्हे, कारण वाचकाची उत्सुकता ‘खून कोणी केला’ यावर टांगलेली नसून ‘या माणसाचे आणि राज्याचे पुढे काय होणार’ यावर आहे. हा भेद तुम्ही ठामपणे मांडलात तरच मराठीत हा प्रकार का रुजला नाही याचे काही उत्तर हाती येईल. माझा अंदाज सांगतो: आपल्या ऐतिहासिक कादंबरीने इतिहासाकडे अस्मितेचे आणि शोकांतिकेचे भांडार म्हणून पाहिले, तपासाला लागणारा थंड संशय आपल्या नायकांवर घेण्याची तिची तयारी नव्हती.

तरीही गंगाधरशास्त्र्यांच्या प्रकरणाचा एक पदर तुम्हाला उपयोगी पडेल. तपासाचा आणि आरोपाचा मुख्य रेटा पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याचा होता, म्हणजे ज्याचा राजकीय फायदा त्यात गुंतलेला आहे तोच तपासनीस. वसाहतकाळात घडणाऱ्या अलीकडच्या इंग्रजी रहस्यकथा नेमक्या याच दुखण्यापाशी येतात. अबीर मुखर्जी यांनी १९१९चे कलकत्ता घेऊन एक इंग्रज अधिकारी आणि त्याचा बंगाली सहकारी अशी जोडी उभी केली. सुजाता मॅसी यांनी १९२१च्या मुंबईत एक पारशी स्त्री वकील आणली; पडदानशीन स्त्रियांच्या घरात पुरुष वकिलाला प्रवेश नाही, तिला आहे, म्हणून तपासाचे दार तिच्यासाठीच उघडते. कायदा आणि समाजव्यवस्था कथानकात नुसती पार्श्वभूमी म्हणून न राहता कथानकाला वळण कशी देते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

---

मोडी_लेखणी (दापोली):

सीमारेषेचा आक्षेप मान्य. फक्त एक भर: त्रिंबकजीला इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले होते आणि तिथून तो १८१६मध्ये निसटला. बाहेर एक मोतद्दार घोड्याची चाकरी करता करता गाणे म्हणत असे, गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हते, आणि गाण्यातच सुटकेचा बेत सांगितलेला होता, ही हकिकत पुढे बिशप हेबरने नोंदवून ठेवली. खरी असो वा रचलेली, तपास करणाऱ्याला भाषाच येत नसेल तर डोळ्यांदेखत दिलेली खूणही त्याच्या हाती लागत नाही, हे त्यात आले आहे.

---

पांढरा_समुद्र (रत्नागिरी):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेले तीन दिवस वीज येऊन-जाऊन असल्याने उत्तराला उशीर झाला; त्या निमित्ताने कंदिलाच्या उजेडात एकोंची कादंबरी पुन्हा चाळली, आणि वकीलकाकांच्या मुद्द्याने ती मला निराळीच दिसली. १३२७ सालच्या मठात तपास करणारा साधू विल्यम खुणांचा अर्थ लावत जातो, बायबलातील जगाच्या अंताच्या भाकिताच्या क्रमाने खून होत आहेत असे मानतो, आणि गुन्हेगारापर्यंत पोहोचतो खरा, पण तो क्रम मुळात कोणी आखलेलाच नव्हता हे त्याला शेवटी कबूल करावे लागते. खुणा खऱ्या आणि त्यांची जुळणी चुकीची, असा तो तपास आहे.

आता आराखडा असा बदलते आहे: शीर्षकात ‘पुराव्याची कल्पना’ हे शब्द येतील. पहिल्या भागात कॅडफेल, एको आणि व्हान ख्यूलिक. दुसऱ्या भागात ‘झेप’ आणि नारायणरावांच्या खुनावरील मराठी ललित लेखन, परंतु ‘रहस्यकथा’ म्हणून नव्हे, तर रहस्यकथेच्या उंबरठ्यावर थांबलेली कथने म्हणून. खाडीपट्टा सरांचा अस्मितेविषयीचा अंदाज मला पूर्ण पटलेला नाही, कारण रामशास्त्र्यांची गोष्ट महाराष्ट्राने आवडीने सांगितली तीच मुळी आपल्याच माणसावर संशय घेतल्याबद्दल. पण तो वाद प्रबंधातच मांडेन.

एक शंका उरते. कोकणातील सामग्रीवर एखादे प्रकरण करायचे झाल्यास काळ कोणता निवडावा?

---

जुना_वकील (वेंगुर्ले):

माझ्या मते एकोणिसावे शतक, आणि तेही आमच्या दक्षिण टोकाचे. कारण हद्दी. वेंगुर्ले १८१२पासून इंग्रजांकडे, पाठीमागे सावंतवाडी संस्थान, आणि खाली तेरेखोलची खाडी ओलांडली की पोर्तुगिजांचा गोवा. उत्तरेला जंजिरा संस्थान वेगळेच. वेंगुर्ल्यात चोरी करून माणूस बैलगाडीने रातोरात संस्थानात जाई, आरोंद्याला होडीत बसला की दुसऱ्या राजाच्या कायद्याखाली जाई, आणि इकडच्या फौजदाराला पाठलाग थांबवून पत्रव्यवहार सुरू करावा लागे. एकाच गुन्ह्याला खाडीच्या दोन काठांवर दोन कायदे, दोन भाषांतले कागद आणि पुराव्याच्या दोन रीती, असे असल्यावर तुमच्या प्रश्नाला याहून योग्य जागा मला तरी सुचत नाही. पणजीच्या पुराभिलेखागारातले कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, तेव्हा मोडीबरोबर त्याचीही तयारी ठेवा. वेंगुर्ल्यास आलात तर आरोंद्यापर्यंत मी बरोबर येईन. मात्र पाऊस ओसरल्यावर या, आता खाडीला पाणी फार आहे.